आधी इजा ओळखा, मग प्रथिनांची नावं: डीएनए दुरुस्तीच्या लॅबमधलं माझं पहिलं वर्ष

रेडिएशन दिलेल्या पेशींत ठिपके दिसायला हवे होते आणि ते दिसले. पण रेडिएशन न दिलेल्या पेशींतही ते दिसले! मी गॅमा-एच२एएक्स ही खूण अँटिबॉडीने रंगवत होते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की त्या जागेच्या आसपासच्या एच२एएक्स या हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) फॉस्फेट चढतो आणि मायक्रोस्कोपखाली तिथे ठिपका चमकतो. कंट्रोलमध्ये ठिपके आले म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं धरून मी महिनाभर अँटिबॉडीचं प्रमाण बदलत राहिले, ब्लॉकिंग वाढवलं, धुण्याच्या फेऱ्या वाढवल्या. शेवटी लॅबमधल्या एका सीनिअर ताईने विचारलं, "या पेशी विभाजनाच्या चक्राच्या कुठल्या टप्प्यात आहेत गं?" ते मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वेळी सोबत ईडीयूने रंगवलं, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू असलेल्या पेशी वेगळ्या दिसतात. कंट्रोलमधले बहुतेक ठिपके त्याच पेशींत होते. बाहेरून काहीही न करता, नुसती नक्कल करतानाच पेशीचा डीएनए अडखळत होता, तुटत होता, सांधला जात होता.

तोवर माझ्या डोक्यात दुरुस्ती म्हणजे अतिनील किरण किंवा तंबाखूचा धूर आला की धावून येणारी यंत्रणा होती. खरं तर डीएनए बिघडायला पाणीसुद्धा पुरतं. शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी १९७०च्या दशकात मांडलेली ही गोष्ट नवख्यांनी सगळ्यात आधी समजून घ्यावी. माणसाच्या एका पेशीतून दिवसाला साधारण १०,००० प्युरिन बेस (डीएनएतली ए आणि जी ही अक्षरं) आपसूक गळून पडतात आणि शंभरावर सायटोसिनचे अमिनो गट निघून त्यांचं युरॅसिल होतं. युरॅसिल ॲडेनिनशी जोडी जमवतं, म्हणजे दोन नकलांनंतर तिथे कायमचं म्युटेशन. ते टाळण्यासाठी ग्लायकोसिलेज हे एन्झाइम युरॅसिल उचलून काढतं, एपीई१ हे दुसरं एन्झाइम रिकाम्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज बीटा योग्य बेस भरतं आणि लायगेज सांधा जोडतं. डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन का, याचं उत्तरही इथेच सापडतं. युरॅसिल मुळातच डीएनएत असतं, तर बिघडलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं हे एन्झाइमला कळलंच नसतं.

आता सायटोसिनवर मिथाइल गट असेल तर? अमिनो गट गेला की त्याचं थेट थायमिन होतं, आणि थायमिन तर डीएनएतला हक्काचा बेस. त्यामुळे ही चूक निसटण्याची शक्यता जास्त. कित्येक ट्यूमरमध्ये, अगदी कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी५३ या जनुकातही, नेमक्या अशा जागी सी-चं टी झालेलं आढळतं. हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा रसायनशास्त्र आणि कर्करोग एकाच कागदावर दिसले.

म्हणून सांगते, एक्सपीए, एमएसएच२, केयू७० अशी दुरुस्तीच्या प्रथिनांची नावं घोकत बसू नका. आधी इजा कोणती ते विचारा: एक बेस बिघडला, किरणांनी दोन थायमिन चिकटले, नकलेत चुकीची जोडी बसली की दोन्ही धागे तुटले? नावं मग आपोआप लक्षात राहतात. यातल्या पहिल्या तीन दुरुस्त्यांसाठी लिंडाल, अझीझ सँकार आणि पॉल मॉड्रिच यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हात बसवायला एक साधा प्रयोग करा. मध्ये एकच युरॅसिल आणि टोकाला फ्लोरोसंट खूण असलेला छोटा डीएनए मागवा. तो दुहेरी करून ग्लायकोसिलेज आणि एपीई१ घाला आणि डिनेचरिंग जेलवर (ज्यात दोन्ही धागे सुटे होतात) चालवा. कापलेला तुकडा खाली दिसेल. ग्लायकोसिलेज न घातलेली नळी मात्र विसरू नका.

पेशींवर काम करणार असाल तर ओलापॅरिब या कर्करोगावरच्या औषधाशी गाठ पडेलच. बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ हे जनुक निकामी असलेल्या पेशींना तुटलेला डीएनए बिनचूक सांधता येत नाही. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, पण ट्यूमरची दुखरी नसही तीच. ओलापॅरिब पार्प हे दुरुस्तीतलं एन्झाइम डीएनएवरच अडकवून ठेवतं. नक्कल तिथे येऊन आदळते, धागे तुटतात. निरोगी पेशी त्यातून सावरते, बीआरसीए नसलेली मरते. पार्प रोखलं की अशा पेशी मरतात हे दोन गटांनी २००५ मध्ये एकाच वेळी दाखवलं. २०१४ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

माझ्या पहिल्या प्रयोगात मात्र ४८ तासांच्या व्हायबिलिटी चाचणीत (किती पेशी जिवंत उरल्या ते मोजणाऱ्या) बीआरसीए असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी जवळपास सारख्याच जिवंत होत्या. औषध खराब आलं असं मला वाटलं. पण नक्कल झाल्याशिवाय हे औषध मारतच नाही. पेशींना काही वेळा विभागू द्यावं लागतं. पेशी विरळ पेरून कॉलनी चाचणी (एकेका पेशीपासून वसाहत वाढते का ते पाहणारी) लावली, दोन आठवडे थांबले आणि मग जांभळा रंग टाकला. बीआरसीए असलेल्या प्लेटवर कॉलन्या दाटीवाटीने होत्या, शेजारच्या प्लेटवर तीन.