गावातून प्रो रेसलिंगमध्ये बंडखोर पैलवान म्हणून उभं राहायचं असेल तर

आपल्या विदर्भातल्या खेड्यात मातीत तयार झालेले बरेच पोट्टे आहेत, अंगात रग आहे, मोबाईलवर रेसलिंग पाहतात आणि डोक्यात असतं की आपणपण एक दिवस रिंगमध्ये उतरून मालकापासून चॅम्पियनपर्यंत सगळ्यांना भिडायचं. त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि मनापासून लिहितोय कारण हे काम जमण्यासारखं आहे, फक्त सुरुवात बरोबर झाली पाहिजे.

आधी एक समजून घ्या भाऊ. प्रो रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं पण आदळणं खरं असतं, आणि समोरचा पैलवान आपली मान तुमच्या हातात देतो. त्यामुळे खुन्नस काढायला खरा ठोसा मारणारा, ठरलेला शेवट ऐनवेळी बदलणारा पोट्टा कितीही तगडा असू दे, त्याच्यासोबत परत कोणी उतरत नाही. शो भरवणाऱ्या छोट्या स्वतंत्र कंपनीत तर सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं नाव खराब व्हायला एक शो पुरतो. प्रेक्षकांना जो सगळ्यात बेशिस्त वाटतो तो आत सगळ्यात शिस्तीचा लागतो.

मग पडणं शिका, ज्याला बंप म्हणतात. कुस्तीवाल्याला हे जास्त जड जातं, काहून की पाठ लागली म्हणजे हरलो हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की पडताना मान आपोआप वळते आणि शरीर कमानीसारखं वर उचललं जातं. ती सवय मोडावी लागते. हनुवटी छातीला चिकटवायची, नजर बेंबीकडे, पाठीचा वरचा भाग एकदम सपाट टेकला पाहिजे, हात शरीरापासून जरा लांब ठेवून तळवे त्याच क्षणी आपटायचे आणि श्वास सोडायचा. कोपर किंवा माकडहाड आधी टेकलं की दुखापत. सुरुवात उकिडवं बसून करा, मॅटवर, आणि शिकवणारा बाजूला असतानाच. कुटाराच्या ढिगावर उड्या मारून व्हिडिओ काढू नका, तिथं डोकं आत रुततं आणि हनुवटी सुटलेली कळतच नाही. आणि रिंग काही गादी नसते, लोखंडी सांगाड्यावर फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास, बस.

शिकायला जागा कमी आहेत हे खरं आहे. खलीनं २०१५ मध्ये जालंधरला अकॅडमी काढली, तिकडं भारतभरातून पोरं जातात. कुठंही गेलात तरी फी भरायच्या आधी एक दिवस बसून ट्रेनिंग बघू द्या म्हणा, आणि नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात उंचावरून टाकत असतील तर बॅग उचला अन् निघा.

आता बंडखोराचं कॅरेक्टर. यात लोक जिथं चुकतात ते म्हणजे काळं जॅकेट घालून शिव्या देणं. अरे पण बंड कशाच्या विरोधात? अमेरिकेत रिंग ऑफ ऑनर नावाची कंपनी २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांनी नियमच केला होता की मॅचच्या आधी आणि नंतर हात मिळवायचा. पहिल्याच शोला ख्रिस्तोफर डॅनियल्सनं हात मिळवला नाही, आणि तेवढ्यावर लोक त्याच्यावर पेटले. आपल्याकडे दंगलीत सलामी असते, वस्तादाच्या पाया पडणं असतं. लोकांना खरंच प्रिय असलेली अशी एकच गोष्ट शोधा आणि तीच नाकारा, बाकी काही करायची गरज नाही.

याच रिंग ऑफ ऑनरमध्ये सीएम पंक नावाचा पैलवान झाला. त्याचा २००५ चा उन्हाळा बारकाईनं अभ्यासावा असं मी प्रत्येकाला सांगतो. तो दारू, सिगारेट, ड्रग्ज काही घेत नाही, आणि हेच त्याचं कॅरेक्टर. २००४ मध्ये समोआ जो नावाच्या पैलवानासोबत साठ-साठ मिनिटांच्या दोन मॅच बरोबरीत सोडवल्या तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला होता. १८ जून २००५ ला ऑस्टिन एरीजला हरवून तो चॅम्पियन झाला, तो डब्ल्यूडब्ल्यूई या सगळ्यात मोठ्या कंपनीत चाललाय हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून लोक निरोप द्यायलाच आले होते, आणि त्यानं त्याच लोकांवर पलटी मारली, नंतर तर डब्ल्यूडब्ल्यूईचा करार रिंग ऑफ ऑनरच्याच चॅम्पियनच्या बेल्टवर ठेवून सही केला. लोकांना सगळ्यात जास्त काय झोंबेल हे त्यानं ओळखलं होतं.

हे आपल्या भाषेत कसं आणायचं? समजा तुम्ही वर्ध्याचे किंवा गडचिरोलीचे, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातले. "मी दारूला शिवत नाही" हे वाक्य बाया-माणसांकडे बघून हात जोडून म्हटलं तर टाळ्या पडतील, आणि तेच मागच्या रांगेकडे बोट करून, हळू आवाजात, थांबून थांबून म्हटलं तर शिट्ट्या आणि शिव्या. शब्द बदलले नाहीत, फक्त नजर बदलली. माईकवर बोलणं शिकायला आपल्याकडं झाडीपट्टीच्या नाटकांसारखी दुसरी शाळा नाही. दिवाळीनंतर धान निघालं की वडसा भागातल्या कंपन्यांची नाटकं गावोगावी रात्रभर चालतात, तिथं खलनायक करणारा नट शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा नेतो आणि लोक ओरडायला लागले की किती वेळ गप्प उभा राहतो ते बघा, जमलं तर एखादी छोटी भूमिका मागून घ्या.

आणि कधी मोठ्या कंपनीचं बोलावणं आलंच तर बेल्ट घेऊन पळायचं नाही. पंकसुद्धा १२ ऑगस्ट २००५ ला जेम्स गिब्सनकडून हरला, बेल्ट तिथंच ठेवला, दुसऱ्या दिवशी शिकागोजवळ जुना दोस्त कोल्ट कबानासोबत शेवटची मॅच खेळला आणि मग गेला. तुम्हीपण जाताना मागे राहणाऱ्या पोराला जिंकवून जा.

सही करण्याआधी मात्र दोन गोष्टी कागदावर घ्या, कॅरेक्टरचं नाव कोणाच्या मालकीचं आणि लागलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. कागद इंग्रजीत असेल तर गावातल्या मास्तरांकडून किंवा ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय पेन हातात धरू नका.