औषध चालू असलेल्या गाईचं शेण उकिरड्यावर टाकू नका, असं कुजवा

गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की डॉक्टर येतात, इंजेक्शन होतं, सडात ट्यूब सोडतात, तेवढे दिवस दूध बाजूला काढतो आणि विषय संपला असं आपण समजतो. पण औषध सगळं अंगात जिरत नाही, ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक (जंतू मारणारं औषध) तर बरंचसं जसंच्या तसं शेणामुतातून बाहेर पडतं, ते शेण उकिरड्यावर जातं, तिथून रानात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात. हे बऱ्यापैकी थांबवता येतं, खर्च फारसा नाही, मेहनत थोडी आहे, आणि मुख्य काम शेणामातीतले बॅक्टेरियाच करतात.

ते कसं करतात हे आधी बघा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायक्झोन ही एका घराण्यातली औषधं, त्यांच्यात चार अणूंची एक कडी असते आणि औषधाचा सगळा जोर त्या कडीवर. बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम पाण्याच्या मदतीने ती कडी फोडतं, मग औषध निकामी. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी असं एन्झाइम 1940 मध्येच नोंदवलं होतं, तेव्हा पेनिसिलिन दवाखान्यात पोचलंही नव्हतं. म्हणून ही औषधं ढिगात लवकर मोडतात. सल्फा या दुसऱ्या घराण्यातल्या औषधांचं वेगळं आहे, ते मातीला नीट धरून राहत नाही, पाण्याबरोबर वाहतं. कॅनडात ऑन्टारिओमध्ये एका जमिनीत वर्षानुवर्षे सल्फामेथाझिन हे सल्फा औषध घातलं तर ती माती ते आधीपेक्षा लवकर मोडायला लागली, आणि ते मोडणारा मायक्रोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया त्याच मातीत सापडला. टेट्रासायक्लिन (वर सांगितलेलं ऑक्सिटेट्रासायक्लिन याच घराण्यातलं) शेणाला, चिकणमातीला, कॅल्शियमला घट्ट चिकटतं त्यामुळे बॅक्टेरियाच्या हाती लवकर लागत नाही, आणि सगळ्यात चिवट एन्रोफ्लॉक्सासिन, त्याचं गाईच्या अंगातच थोडं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं आणि दोन्ही मातीत खूप दिवस टिकतात.

म्हणून पहिलं काम, बाटलीवरचं औषधाचं नाव आणि तारीख वहीत लिहा, कंपनीचं नाव नको, आतलं औषध लिहा. शेवटच्या डोसनंतर निदान आठवडाभर त्या गाईचं शेण वेगळं ठेवा. बाजूला काढलेलं दूध गटारात ओतू नका आणि वासरांना तर अजिबात पाजू नका, त्यांच्या पोटात औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. थोडं थोडं करून ते ढिगातच कोरड्या पाचटावर ओता.

ढीग उंचवट्यावर करा, ओढा आणि विहिरीपासून लांब. नुसतं शेण रचलं तर आत हवा जात नाही, वास सुटतो आणि ढीग तापत नाही, म्हणून दोन पाट्या शेणाला एक पाटी पाचट, भुसा किंवा कडब्याची कुट्टी मिसळा. उंची चार फूट आणि रुंदी पाच फूट तरी हवी, लहान ढिगातली ऊब टिकत नाही. मुठीत दाबलं की हात ओला व्हावा, एखाददुसरा थेंब पडावा, धार लागली तर कोरडं अजून घाला. मागच्या वर्षीचं चांगलं कुजलेलं खत दोन घमेली मिसळा, दह्याला विरजण लावतो तसंच हे, दुकानातली कल्चरची पुडी नसली तरी काही अडत नाही असं माझं मत आहे.

दोन-चार दिवसांत ढीग तापतो. थर्मामीटर असेल तर आत 55 ते 65 डिग्री दिसायला हवं, नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही तर बरोबर चाललंय. ही ऊब पंधरा दिवस टिकवायची आणि तेवढ्यात पाच वेळा पलटी मारायची, बाहेरचं आत, आतलं बाहेर, कारण कडेचं शेण गारच राहतं. उष्णतेने औषध आपोआपही तुटतं, शिवाय पाचट खायला बॅक्टेरिया जी एन्झाइमं सोडतात त्यात औषधाचे रेणूही कापले जातात, आणि औषधाला न जुमानणारे रोगजंतूही बरेच मरतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम रोगजंतूंकडे असलं की तेच औषध गाईवर चालत नाही आणि माणसावरही नाही.

पाऊस असेल तर वरून ताडपत्री टाका, नाहीतर ढिगातून गाळलेलं पाणी सल्फा घेऊन चाललं. ढीग गार झाला म्हणजे खत झालं असं नाही, अजून दोन-तीन महिने तसाच मुरू द्या, मधे ओल बघत राहा.

गोबरगॅसमध्ये टाकलं की झालं असं बरेच जण म्हणतात पण तिथे एवढी उष्णता नसते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन स्लरीतून बरंचसं बाहेर येतं. एन्रोफ्लॉक्सासिन दिलेल्या गाईचं खत नीट कुजवलं तरी मी मेथी-कोथिंबिरीला घालत नाही, उसाला किंवा आंब्याच्या बुडाला टाकतो, त्यासाठीच वहीतलं नाव लागतं.