वीस वर्षांनी पुन्हा खोगिरावर? या चुका टाळा

घोडेस्वारी एकदा आली की विसरत नाही म्हणतात. ते अर्धंच खरं. डोकं विसरत नाही. मांड्या, कंबर आणि पोट पार विसरलेले असतात, आणि घोळ तिथेच होतो.

पहिली चूक तोंडाची. ‘कॉलेजात मी घोड्यावरून अडथळ्यांच्या उड्या मारायचे’ असं मी क्लबात ऐटीत सांगितलं आणि समोर आला रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत असे घोडे पुष्कळ. रेसच्या घोड्याला लगाम ताणून धरला की तो त्यावर रेलून आणखी पळतो, तशी त्याची सवयच असते. घाबरून लगाम खेचाल तर वेग वाढेल. थोडा ओढा, लगेच सोडा, पुन्हा ओढा. नाहीच ऐकलं तर मोठ्या वर्तुळात वळवा. त्यापेक्षा आधीच ‘किती वर्षं बसले नाही’ ते सांगा आणि क्लबातला सर्वांत आळशी घोडा मागून घ्या. माथेरानला दस्तुरीपासून बाजारापर्यंत घोड्यावरून गेलात तर तो सराव धरू नका. त्या घोड्याला रस्ता पाठ असतो, शिवाय घोडेवाला सोबत चालतो.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे गुडघ्यांनी खोगीर आवळणं. भीती वाटली की शरीर ते आपोआप करतं. गुडघे आवळले की बैठक वर उचलली जाते, टाच वर येते, पोटरी मागे सरकते आणि घोड्याच्या बरगडीला लागते. त्याला वाटतं, ‘चल’ म्हणताहेत. तो चालतो, आपण आणखी आवळतो. यावर उपाय लंजिंगचा: लांब दोरी प्रशिक्षकाच्या हातात, तुमचे पाय रिकिबीबाहेर (रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी), घोडा साध्या चालीत. दहा मिनिटं असं बसा, मांड आपोआप खाली बसते. श्वास कोंडत असेल तर मोठ्याने आकडे मोजा. वेड्यासारखं दिसतं, पण उपयोग होतो.

तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, एकदाच तपासून भागत नाही. आवळताना बरेच घोडे छाती फुगवतात. दोन फेऱ्या झाल्या की तोच तंग सैल. मी खालूनच रिकिबीत पाय घालून चढायला गेले आणि खोगिरासकट घोड्याच्या डाव्या कुशीला लोंबकळले. घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने हसू दाबत सावरलं. तेव्हापासून चढायला ठोकळा, आणि चढण्याआधी तंगाखाली बोटं घालून बघणं. रिकिबीचा पट्टाही अंदाजाने नको: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावून हात सरळ ठेवा, रिकीब काखेपर्यंत आली की माप साधारण जमलं.

माळ्यावरचं जुनं हेल्मेट वापरू नका. आतला फोम कालांतराने निकामी होतो, बाहेरून कळत नाही. जुन्या बुटांचे तळ तर दमट हवेत भर रपेटीत सुटतात. स्पोर्ट शूज नकोत, छोटी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तीही घ्या.

महिन्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास बरा. मांड्या दुखतील, ते चालतं. पाठीत कळ आली तर थांबा. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, मग घसरत खाली या, गुडघे वाकवून. पाय लटपटतात. घोड्याला टेकून मिनिटभर उभ्या राहा आणि तेवढ्यात त्याचा तंग एक घर सैल करा.