ताडपत्रीवर शिकलेला घनकचरा

पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात घनकचरा हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. ओला, सुका, घातक. घरगुती, व्यापारी, औद्योगिक. कुजवणं, जाळणं, पुरणं. दोन संध्याकाळींत पाठ झाला. पहिल्या नोकरीतल्या पहिल्या सोमवारी मला एका मोठ्या ताडपत्रीपाशी नेलं. तिच्यावर गाडी रिकामी झाली आणि आमचे पर्यवेक्षक म्हणाले, "वेगळं करा आणि वजन करा." त्या आठवड्यात जे कळलं, तेच मी आज या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते. कचऱ्यात काय आहे आणि त्यात पाणी किती आहे, हे मोजल्याशिवाय पुढचा एकही निर्णय घेता येत नाही.

मोजायची रीत साधी आहे, पण तिला शिस्त लागते. गाडीतला कचरा पसरून नीट कालवायचा, ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे. उरलेला पुन्हा कालवायचा, पुन्हा चार भाग. असं करत साधारण १०० किलोंपर्यंत आलं की तो नमुना हातांनी वेचायचा: अन्न, पालापाचोळा, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड, काच, धातू, माती. प्रत्येकाचं वजन वेगळं लिहायचं. थोडा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचा. जेवढं वजन गेलं, तेवढं पाणी.

इथे मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे सगळे नमुने सोमवारचे घेतले. सुट्टीनंतरचा कचरा रोजच्यासारखा नसतो, त्यामुळे माझ्या अहवालातलं शहर वर्षभर सुट्टीवर असल्यासारखं दिसत होतं. नमुने आठवडाभर घ्यावे लागतात, आणि कोरड्या व पावसाळी हंगामात वेगवेगळे. दुसरी चूक जास्त महागात पडली असती. १०० किलो कचऱ्यात ६० किलो पाणी असेल तर ओल्या वजनावर ओलावा ६० टक्के होतो, पण कोरड्या वजनावर तोच १५० टक्के. माझ्या एका तक्त्यात एक हिशेब होता, दुसऱ्यात दुसरा. शेडची जागा त्या आकड्यांवर ठरायची होती. पर्यवेक्षकांनी वेळीच पकडलं. तेव्हापासून ओलाव्याच्या प्रत्येक आकड्यापुढे मी 'ओल्या वजनावर' असं लिहितेच.

पाण्याचा एवढा आग्रह का, ते एका हिशेबातून पाहा. वरचेच १०० किलो भट्टीत घातले असं समजू. ६० किलो पाणी, १० किलो माती आणि राख, ३० किलो खरोखर जळणारं. त्या ३० किलोंतून किलोमागे १६ मेगाज्यूल मिळाले, तर एकूण ४८०. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ६० किलोंना जवळजवळ १३५. उरले ३४५, म्हणजे मूळ कचऱ्याच्या प्रत्येक किलोमागे साधारण साडेतीन. बाहेरचं इंधन न घालता भट्टी चालवायची तर किलोमागे ६ ते ७ मेगाज्यूल तरी हवेत. वीजनिर्मितीचा प्रकल्प पुढ्यात आला की मी आधी हा हिशेब मांडते. ओला भाग वेगळा काढला की हेच गणित पार बदलतं. वर्गीकरणाला मी एवढं महत्त्व का देते, त्याचं कारण या आकड्यांत आहे.

आता प्रकार आणि स्रोत. पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगळी असतात, प्रत्यक्षात ती एकच. कार्यालयातून आलेला पुठ्ठा आणि स्वयंपाकघराच्या डब्यातून आलेला पुठ्ठा एकाच जातीचे, पण पहिला सरळ पुनर्वापराला जातो आणि तेलकट, भिजलेला दुसरा जात नाही. म्हणून 'हा कचरा काय आहे' याच्या बरोबरीने 'हा कुठून आला, कशाबरोबर आला' हे विचारा. बांधकामाचा राडारोडा आणि गटारातला गाळ घरच्या कचऱ्यात मिसळला की खतात खडे येतात आणि भट्टीत राख वाढते. हे दोन्ही पहिल्यापासून वेगळ्या गाडीत हवेत. घरातूनच निघणारा घातक भाग वजनाने अगदी थोडा असतो: बॅटऱ्या, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधं, सुया. त्रास मात्र त्याचाच मोठा. गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी आग लावू शकते, आणि रुग्णालयाबाहेर सापडलेली सुई वेचणाऱ्याच्या बोटातच शिरते. औद्योगिक, किरणोत्सर्गी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. सुरुवातीला फक्त तो ओळखायला आणि बाजूला ठेवायला शिका.

प्लास्टिकसाठी आकड्यांची खूण उपयोगी आहे: १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलीप्रॉपिलीन, ६ पॉलीस्टायरीन, ७ इतर. खूण पुसलेली असेल तर तुकडा पाण्यात टाका. पॉलीथिन आणि पॉलीप्रॉपिलीन तरंगतात, पीईटी आणि पीव्हीसी बुडतात. पीव्हीसी जाळण्याच्या मालात जाऊ देऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. हे सगळं मला वर्गात कळलं, पण पटकन ओळखायला शिकवलं ते कचरा वेचणाऱ्या बायकांनी. पिशवी मुठीत चुरगळली की तिचा आवाज ऐकून त्या सांगायच्या: चुरचुरली तर एक जात, मऊसूत राहिली तर दुसरी. माझा तक्ता तपासायला मी त्यांच्याकडे जायचे आणि चूक बहुतेक वेळा माझीच निघायची. नवीन प्रकल्प आखताना या माणसांना बाहेर ठेवलं की वर्गीकरणाचं वर्षानुवर्षांचं ज्ञानही बाहेर जातं आणि त्यांची रोजीरोटीही. याबद्दल मी बैठकीत प्रत्येक वेळी बोलते.

सर्वात जास्त जीव लावून शिकावं असं काही असेल, तर ते कुजवणं. खताचा ढीग जिवंत असतो. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १, ओलावा ओल्या वजनावर ५० ते ६० टक्के आणि खेळती हवा मिळाली, की दोन-तीन दिवसांत तापमान ५५ अंशांच्या वर जातं. ते तिथे टिकलं की रोगजंतू आणि तणाच्या बिया मरतात, म्हणूनच ढीग उलटून बाहेरचा थर आत आणायचा. ओलाव्यासाठी मूठ दाबून पाहा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर वाळलेला पाला किंवा भुसा घाला. वास हा इथला पहिला मोजमापक आहे. कुजका वास म्हणजे आत हवा नाही. अमोनियाचा उग्र दर्प म्हणजे नायट्रोजन जास्त झाला.

बायोगॅसचं यंत्र याहून हळवं. मी जिथे होते तिथे एका आठवड्यात जास्त कचरा आला आणि तो सगळा आत लोटला गेला. आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश, त्यामुळे टाकी आंबली, सामू (आम्लता दाखवणारा पीएच) घसरला आणि गॅस बंद पडला. सामू ६.८ ते ७.२ च्या आसपास यायला कित्येक आठवडे खाद्य थांबवून वाट पाहावी लागली. त्या काळात रोज सकाळी मोजलेला सामू मला अजून आठवतो.

पुनर्वापर, खत, ऊर्जा या सगळ्यांनंतरही काही उरतं आणि ते पुरावं लागतं. शास्त्रोक्त भरावभूमीत खाली दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर साधारण दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीईचं अस्तर, वर लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, गोळा करणाऱ्या नळ्या आणि रोज संध्याकाळी मातीचं आच्छादन असतं. उघड्या ढिगात यातलं काहीच नसतं. आत हवा नसल्याने निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. १० जुलै २००० रोजी फिलिपिन्समधल्या पायातास इथे मुसळधार पावसानंतर कचऱ्याचा डोंगर घसरला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. ती तिथे राहत होती, तिथलाच कचरा वेचून जगत होती. उतार, पाणी आणि पायथ्याची वस्ती या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कुठल्याही ढिगाचा अहवाल मी सही करून देत नाही.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. स्थानिक प्रशासन, सल्लागार संस्था, खत आणि बायोगॅस प्रकल्प, पुनर्प्रक्रिया उद्योग, संशोधन, शिवाय गाड्यांचे मार्ग आखणारी नकाशाकामं. खर्चाचा मोठा भाग गोळा करण्यात आणि वाहतुकीत जातो, पण नवे लोक तिकडे फारसे वळत नाहीत. तिथे चांगल्या माणसांची गरज आहे. सैल कचऱ्याच्या घनमीटरमागे १५० किलो असू शकतात आणि ओल्या, दाबलेल्या कचऱ्यात त्याच्या तिप्पट. ही घनता चुकली की गाड्यांची संख्या चुकते.

रुजू होण्याआधी धनुर्वात आणि हेपॅटायटिस बीची लस घ्या. जाड तळव्याचे बूट, सुई न टोचणारे हातमोजे आणि मास्क पहिल्या दिवसापासून मागा, देत नसतील तर ताडपत्रीवर पाऊल ठेवू नका. मग सात दिवस एकाच ठिकाणी, एकाच वेळी जा आणि उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन, ती कुठून आली आणि वरच्या थरात काय दिसलं, हे वहीत लिहा. आठव्या दिवशी ती वही घेऊन वेचणाऱ्या बायकांकडे बसा आणि खालच्या थरात काय होतं ते त्यांना विचारा.