उघडिपीत पीक तगावे म्हणून जिवाणू खते वापरता? मग या चुका टाळा

जूनमध्ये पेरणी, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पावसाचा दोन-तीन आठवड्यांचा खंड आणि ऐन फुलोऱ्यात सोयाबीनने टाकलेल्या माना, हे लातूर, धाराशिव, बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नवे नाही. अशा उघडिपीत पिकाने तग धरावा म्हणून जिवाणू खते वापरणारे आता बरेच आहेत, आणि ‘पाकीट लावले, पण फरक दिसला नाही’ असे सांगणारेही तितकेच आहेत. अशा तक्रारींचा शोध घेतला तर बहुधा असे आढळते की जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोहोचलेलेच नव्हते.

सर्वांत मोठी चूक वेळेची आहे. पाण्याचा ताण बसला की झाडात इथिलीन हे संप्रेरक वाढते आणि त्यामुळे मुळांची वाढ खुंटते. काही उपयुक्त जिवाणूंकडे ‘एसीसी डिअमिनेज’ नावाचे विकर (एन्झाइम) असते. इथिलीन ज्या पदार्थापासून तयार होते, त्याच पदार्थाचे ते विघटन करतात, त्यामुळे मूळ वाढत राहते आणि खालच्या ओलीपर्यंत पोहोचू शकते. आणखी काही जिवाणू मुळाभोवती चिकट बहुशर्करा स्रवतात, तिच्यामुळे मातीचे कण मुळाला धरून राहतात आणि तिथली ओल थोडी अधिक काळ टिकते. हे सर्व घडण्यासाठी जिवाणूंची मुळावर वसाहत आधीच झालेली असावी लागते. पीक सुकू लागल्यावर कोरड्या जमिनीत केलेल्या आळवणीचा उपयोग फारच थोडा होतो, कारण ओल नसलेल्या मातीत जिवाणूंना मुळाकडे सरकताच येत नाही. पानांवर राहणाऱ्या गुलाबी मिथायलोट्रॉफ जिवाणूंची फवारणी मात्र उभ्या पिकावर करता येते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने ती ताण सोसण्यासाठी प्रचारात आणली. तीही उघडीप सुरू होताच, संध्याकाळच्या वेळी करावी. जिवाणू पाणी निर्माण करत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. ते पिकाला काही दिवसांची सवड मिळवून देतात. म्हणून कोळपणी, आच्छादन आणि शक्य असेल तिथे संरक्षित पाणी यांना ते पर्याय ठरत नाहीत.

दुसरी चूक खरेदी आणि साठवणुकीत होते. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार रायझोबियमच्या (सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या) भुकटीत प्रतिग्रॅम किमान 5 कोटी आणि द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. ही संख्या पाकिटावर छापलेली असली, तरी मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना पत्र्याच्या गोदामात राहिलेल्या पाकिटात ती टिकेलच असे नाही. उकळत्या दुधाला विरजण लावले तर दही लागत नाही, तसेच हे आहे. म्हणून अंतिम मुदत पाहावी, माल सावलीत ठेवला होता का हे दुकानदाराला विचारावे आणि पेरणी जवळ आल्यावरच खरेदी करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही जैविक निविष्ठा मिळतात.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकला तरी सगळा खर्च वाया जातो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि ती वाळल्यावर, पेरणीच्या अगदी आधी, जिवाणू खत हा क्रम पाळावा. तिन्ही एकत्र कालवू नयेत. साधारणपणे 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम भुकटी किंवा 100 मिली द्रवरूप खत लागते. सोयाबीनचे टरफल पातळ असते, त्यामुळे जास्त पाणी वापरल्यास किंवा बियाणे जोरात चोळल्यास ते निघून येते आणि उगवण घटते. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे आणि पेरणी यंत्राच्या एकाच पेटीत ते डीएपीसारख्या रासायनिक खतात मिसळू नये.

धूळपेरणी करणाऱ्यांनी तर या खर्चाचा पुन्हा विचार करावा. तापलेल्या कोरड्या मातीत बियाणे पावसाची वाट पाहू शकते, त्यावरचे जिवाणू तितके दिवस काढू शकत नाहीत. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वाफसा आल्यावर पेरणी करण्याची शिफारस जिवाणूंसाठीही तितकीच लागू आहे.

मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतात आणि पुष्कळदा एकच रायझोबियम दोन्ही बियाण्यांना लावले जाते. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम लागते. तुरीचा गट वेगळा, हरभऱ्याचा त्याहून वेगळा. ज्वारीच्या मुळांवर गाठी येतच नाहीत, तिथे अॅझोस्पिरिलम किंवा अॅझोटोबॅक्टर वापरावे. पाकिटावर पिकाचे नाव नसेल तर ते घेऊ नये.

जमिनीकडेही पाहायला हवे. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब सहसा कमी असतो, आणि कर्बाशिवाय यातील बहुतेक जिवाणू फार काळ टिकत नाहीत. तुराट्या, पऱ्हाट्या जाळून टाकायच्या आणि नंतर जिवाणूंची पाकिटे विकत आणायची, यात मला मोठी विसंगती वाटते. चांगले कुजलेले, किंचित ओलसर शेणखत घेऊन त्यात जिवाणू मिसळून द्यावेत. न कुजलेले शेण वापरू नये.

परिणाम झाला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. शेतातील चार तासे जिवाणू न लावता पेरावीत. पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी दोन्हीकडची काही झाडे खुरप्याने मातीसह काढावीत, कारण उपटल्यास गाठी जमिनीतच राहतात. मुळे हळूच धुऊन गाठी कापाव्यात. आतून गुलाबी किंवा लालसर गाठ नत्र स्थिर करते. पांढरी किंवा हिरवट गाठ निरुपयोगी असते. गाठी फारच कमी असतील तर पेरणीच्या वेळी नत्र जास्त दिले गेले का, हे आधी तपासावे, कारण जमिनीत आयते नत्र असल्यास झाड गाठी कमी धरते. नत्र बेताचे असूनही दोन्हीकडच्या मुळांत फरक नसेल, तर पाकीट आधीच मेलेले होते असा संशय घेण्यास जागा आहे. रब्बीत हरभऱ्यासाठी खरेदी करताना वेगळ्या ठिकाणचे, ताज्या उत्पादन तारखेचे पाकीट घ्यावे आणि पुन्हा चार तासे राखून पाहावे.