रोजचे काम प्रार्थना म्हणून कसे करावे

ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या कामाला टिकाऊ मोल का देते, हे आधी समजून घ्यावे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रेषित पौल पुनरुत्थानाचे, म्हणजे मेलेल्यांच्या पुन्हा जिवंत होण्याचे, दीर्घ विवेचन करतो आणि शेवटच्या, 58 व्या वचनात, प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ नाहीत असे सांगतो. देहाला भविष्य आहे, म्हणूनच हातांच्या कामालाही आहे.

आचरणासाठी 6 व्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची मठवासीयांसाठीची नियमावली मला सर्वांत उपयुक्त वाटते. तीत स्वयंपाकाची पाळी आठवड्याची आहे. पाळी संपवणारा शनिवारी साफसफाई करतो, पुसणी धुतो, भांडी स्वच्छ आणि धड परत करतो व रविवारी देवाचे आभार मानतो. नवी पाळी घेणारा 'देवा, माझ्या साहाय्याला ये' असे तीनदा म्हणतो. आपणही काम हाती घेताना हेच वचन शांतपणे म्हणावे, संपल्यावर आभार मानावेत आणि साधने पुढच्या माणसाला लगेच वापरता येतील अशी ठेवावीत. मठातील सर्व वस्तू वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपाव्यात, असे ही नियमावली 31 व्या अध्यायात बजावते. झाडू आणि संगणक यांनाही हे लागू करावे.

'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा', हे बायबलमधीलच कलस्सैकरांस पत्रातील वचन मात्र मुळात दासांना उद्देशून आहे, त्यामुळे ते इतरांना ऐकवताना फार जपावे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी आधी त्याच पत्रातील चौथ्या अध्यायाचे पहिले वचन (4:1) वाचावे. तेथे धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे, अशी आज्ञा आहे.