डोंगळे गोंड्यावर आले: दुहेरी हॅप्लॉइडसाठी कळ्या आत्ताच घ्या

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या डोंगळ्यांना, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांना, आता दांडे निघालेत, दांड्याच्या टोकावरच्या फुलांच्या गोंड्याचा पापुद्रा फाटायला लागलाय. ज्या बीजोत्पादकांना, शेतकरी कंपन्यांना आपल्या निवडीतून दुहेरी हॅप्लॉइड (एकाच पिढीत पूर्ण शुद्ध होणारी) रोपं प्रयोगशाळेत करून घ्यायची आहेत, त्यांनी ऊन तापायच्या आत कळ्या काढाव्यात. थंडीत वाढलेल्या झाडाच्या कळ्या प्रयोगशाळेच्या बाटलीत जास्त बऱ्या चालतात.

हा खटाटोप कशासाठी? संकरित वाणाला शुद्ध आई-बाप ओळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकसारख्या निघणाऱ्या ओळी, लागतात. उळ्यापासून (कांद्याच्या बियापासून) कांदा आणि कांद्यापासून पुन्हा उळं, हा एक फेरा दोन वर्षांचा. असे पाच-सहा फेरे म्हणजे दहा-बारा वर्षं गेली. त्यातून कांदा परपरागी, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारा. दोन-तीन पिढ्या स्वपरागण केलं की खुरटतो, बी धरत नाही, आणि काम तिथंच अडतं. दुहेरी हॅप्लॉइडमध्ये परागण न झालेल्या फुलाच्या बीजांडातून थेट रोप उठवतात. त्यात 16 ऐवजी 8 गुणसूत्रं असतात. ती दुप्पट केली की एकाच पिढीत पूर्ण शुद्ध ओळ मिळते. भातात हे परागकोषातून, म्हणजे फुलाच्या नर भागातून, जमतं. कांद्याचे परागकोष दाद देत नाहीत, म्हणून मादीची बाजू धरावी लागते.

शेतातलं काम मातृकांद्यापासून सुरू होतं. जोड नसलेला, एका डोळ्याचा, चाळीत चार-पाच महिने न सडता, न कोंबता टिकलेला कांदा ज्या झाडाखाली आहे, तेच झाड निवडा आणि त्याला खूण करा. दांडे निघाल्यावर तुषार सिंचन बंद, पाणी ठिबकनेच द्या. फुलकिडे आत्ताच आटोक्यात ठेवा. ते कळीच्या पाकळ्यांत दडतात आणि प्रयोगशाळेत अख्ख्या बाटल्या बुरशीने घालवतात.

कळी किती मोठी हवी, यावर बरंच ठरतं. 3 ते 5 मिलिमीटर, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, टोक घट्ट मिटलेली. गोंडा हातात धरून नीट पाहा: वरच्या काही कळ्या उमलायच्या बेतात असतात, मधल्या ज्वारीएवढ्या, खालच्या अजून मोहरीएवढ्या. सगळ्या एकदम तयार होत नाहीत. गोंडा दांड्यासकट सकाळी कापा, दांडा पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. कळी मिटलेली असल्यामुळे मधमाश्यांपासून जाळी लावायची गरज नाही. तो खर्च वाचवा.

पुढचं काम घरी करायचं नाही. कळ्या निर्जंतुक करून बाटलीतल्या जास्त साखरेच्या माध्यमावर (रोपाला अन्न पुरवणाऱ्या थरावर) ठेवतात. दोन महिन्यांनंतर, कधी पाच-सहा महिन्यांनी, फुगलेल्या अंडाशयातून आकड्यासारखं वाकलेलं हिरवं रोप बाहेर येतं. ते पाहताना आजही माझा श्वास अडकतो. काही वाणांत शंभर कळ्यांमागे एखादंच रोप मिळतं, काहींत एकही नाही. त्यामुळे एकाच झाडावर भिस्त ठेवू नका, दहा-वीस झाडांच्या कळ्या द्या. गुणसूत्रं दुप्पट करायला वापरतात ते कोल्चिसिन जालीम विष आहे. आपल्या डोंगरातली कळलावी ज्याच्यामुळे विषारी, तेच हे. त्याला हात लावू नका. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात या तंत्रावर काम झालेलं आहे, सल्ला तिथे विचारा.

आलेली सगळी रोपं कामाची नसतात. लपलेले दोष एकदम उघडे पडतात, बरीच रोपं मरतात, उरलेली आधी अशक्त दिसतात. त्यांतून जी तगून कांदा धरतात, ती सोन्यासारखी जपा. मात्र ती ओळ म्हणजे विक्रीचं बियाणं नव्हे, संकरासाठीचा एक पालक आहे. पिशवीवर नुसतं 'दुहेरी हॅप्लॉइड' छापलंय म्हणून जादा भाव देऊ नका, टिकवणक्षमता आणि रंग विचारा.

घरचा वाण कुणाला देण्याआधी लेखी करार करा. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो.

आणि निवडलेल्या झाडाचे सगळे दांडे कापू नका. एका गोंड्यावर मलमलची पिशवी बांधा आणि फुलं उमलल्यावर रोज सकाळी पिशवीवरूनच ती हलक्या हाताने चोळा. बाटल्या रिकाम्या गेल्या तरी उन्हाळ्यात त्या झाडाचं उळं तुमच्या हाती असेल.